हललेली माणसं

सारसोळ्याच्या जयदेवची बायको रखमा जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला तिचा कोणता फोटो भिंतीवर लावायचा, यावरून बापलेकांवर अबोला धरायची वेळ आली होती.

मुलगा सुधीर स्टुडिओतून एक फोटो करून, चौकटीत बसवून घेऊन आला होता. आधार कार्डावरचाच चेहरा, पण मोठा केलेला, उजळ केलेला. अंगावर पैठणी, ओठांवर हसू. रखमाने जन्मात पैठणी नेसली नव्हती. दुसरा फोटो सुधीरच्या मुलीच्या, अर्पिताच्या फोनमधला. खाडीकाठी अंधार पडता पडता रखमा सुकलेला जवळा पाटीत भरतेय. मान वळलेली, चेहरा पुसट, हात तर नुसता धुरासारखा.

"बाबा, तो हललाय," सुधीर म्हणाला. "आईचा नुसता डाग दिसतोय. पाव्हने हसतील, उगाच टेन्शन नको."

जयदेवने दोन्ही फोटोंकडे पुन्हा पाहिलं. पैठणीवाली बाई त्याला परकी वाटत होती, पण तिला निदान तोंड तरी होतं.

दुपारी अर्पिता ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली. जुन्या फोटोंत काय दिसतं ते लिहून काढायचं, हे तिचं संग्रहालयातलं काम. पडद्यावर दीडशे वर्षांपूर्वीचा मुंबईतला बाजार होता.

"एवढा मोठा रस्ता नि मानसं चारच?" जयदेवने विचारलं. "सुटी व्हती काय?"

"भरलेला होता, आजोबा. तेव्हाच्या कॅमेऱ्याला चित्र धरायला वेळ लागायचा. तेवढा वेळ जो थांबला, तो उमटला. हमाल, पाणी वाहणारे, मासळीवाल्या कशाला थांबतील?" तिने रस्त्यावरच्या धुकट पट्ट्यांवर बोट ठेवलं. "ही सगळी माणसंच."

"आनि हा पागोटेवाला? याच्या मिशीचे तर केस मोजून घ्यावे."

"त्याला बहुतेक उभं केलंय. बघा ना, अंग कसं आखडलंय."

"ही रेघ कोन?"

"ते नाही सांगता येत. बाई की बापई, तेही नाही. कामात होती एवढंच."

जयदेव त्या रेघेकडे बघत राहिला. आधार कार्ड काढायच्या दिवशी तिथला पोरगा रखमाला म्हणाला होता, "आजी, हलू नका." तिने श्वास रोखून धरला होता. बाहेर आल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाली होती, "मढ्यासारखी बसवली मेल्यांनी."

संध्याकाळी सुधीर कामावरून आला, तेव्हा जयदेवने त्याला समोर बसवलं.

"खाडीवरचाच लाव."

"लोक विचारतील, ही कोन म्हणून."

"विचारू दे. मी हाय ना सांगायला."

"आनि तुमच्यामागं?"

"तवा तू सांग," जयदेव हळूच म्हणाला. "बसलेली कधी बघितलीस तिला?"

दुसऱ्या दिवशी सुधीरने खाडीवरचा फोटो छापून आणला, चौकटीतला पैठणीवाला फोटो काढून तो आत सरकवला, आणि फडक्याने काच पुसायला घेतली. चेहऱ्यावर दोनदा फडकं फिरवलं, तिसऱ्यांदा घासलं. चेहरा होता तसाच पुसट राहिला. मग त्याने फडकं खाली ठेवलं आणि खिळा कुठे ठोकू, एवढंच विचारलं.