टाळ्यांसकट

ग्रामोफोनच्या सुईच्या टोकाला कापसाचा एक तंतू चिकटला होता — दिसेल न दिसेल असा, आणि खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की शेपटी हलवल्यासारखा हलणारा. भुजंगने श्वास रोखून तो दोन बोटांत धरला. जिनिंगचे, कापसातून सरकी काढायचे दिवस; या दिवसांत जालन्यात कापूस कशात नसतो? दुधावरच्या सायीत असतो, मिशीत असतो, पार्सल ऑफिसातल्या शाईच्या दौतीत असतो. पण आज सुईत नको. आज मामा ऐकणार होते.

कारभारीमामा आतल्या खोलीत जेवून आडवे झाले होते. जांबेहून काल आले ते कान दाखवायला. डॉक्टरने डावा कान गेला म्हणून सांगितलं. उजवा किती दिवस साथ देईल ते त्याने सांगितलं नाही आणि मामांनी विचारलंही नाही. चाळीस वर्षं रामाच्या देवळात पखवाज वाजवलेला माणूस, ‘बरं’ म्हणाला आणि पायताण शोधू लागला. संध्याकाळच्या गाडीने परतूरला उतरून ते बैलगाडी धरणार. म्हणजे मधली ही दुपार, एवढीच.

याच मामांनी, भुजंग अकरा वर्षांचा असताना, त्याच्या पुढ्यातला पखवाज उचलून खुंटीला लावला होता आणि आईला सांगितलं होतं, “अक्का, पोराच्या हातात हाय. कानात न्हाई.” रागाने नव्हे, भाकरीला मीठ कमी आहे हे सांगावं तसं. त्याला एकवीस वर्षं झाली. मामा विसरलेही असतील, भुजंग मनाशी म्हणे, मी विसरलो नाही. रेल्वेत लागलो, पार्सल बाबू झालो, खोक्यावर बोटाने टकटक केली की आत चिनी मातीची बरणी आहे की पितळेची समई हे न उघडता सांगू लागलो, स्टेशनमास्तरसुद्धा म्हणाले की याचा कान म्हणजे कान — आणि दर वेळी मनात जांबेच्या देवळाकडे तोंड करून मी म्हणालो, ऐकलं का?

माणसांचंही त्याने तेच चालवलं होतं. टकटक करायची, आवाज ऐकायचा, भरीव की पोकळ ते मनाशी टिपून ठेवायचं. आणि डिकॉस्टा गार्ड नोकरी सोडून मुंबईला जाताना अमेरिकन जाझ संगीताच्या चार रेकॉर्डी देऊन गेल्यापासून तर या कामाला सोन्याचं हत्यारच मिळालं. जाझ लावायचा आणि ऐकणाऱ्याचं तोंड पाहायचं. तिकीट खिडकीवरचा रामकिसन डोळे मिटून मान हलवतो, पण मान एका वाटेने आणि ठेका दुसऱ्या. गजाननमास्तर “यात गहनता आहे” असं म्हणतात आणि म्हणताना घड्याळ पाहतात. बायको शरयू तेवढी चोख. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, “ह्यात टाळ्या कशाला भरल्या? गाणं कमी पडलं का?”

चारांतली एक रेकॉर्ड बंद खोलीत बसून केलेली. तिच्यात कुठे खोट नाही, सगळं कसं पाहुण्यासमोरच्या पोरीसारखं केस चापूनचोपून. ती त्याने वर्षातून दोनदा लावली असेल. जीव होता तो बाकीच्या तिघींत, कारण त्या भरल्या मैफलीत उतरवून घेतलेल्या. पहिली कुठल्या तरी मैदानावरची: दूरवर आगबोटीचा भोंगा होतो आणि तुतारीवाला तोच सूर उचलून पुढे जातो, जणू भोंगा त्याच्याच सांगण्यावरून झाला. दुसरी मोठ्या सभागृहातली. तिच्यात पियानो थांबतो तेव्हा हजार माणसं एकदम गप्प असल्याचा आवाज आहे — गप्प बसण्याला आवाज असतो हे भुजंगला त्या रेकॉर्डीने शिकवलं. आणि तिसरी... तिसरी कुठल्याशा छोट्या हॉटेलातली. पेले किणकिणतात, कोणी खोकतं, खुर्ची सरकते. चार वाजवणारे आणि फार तर पन्नास ऐकणारे. ही मागच्या पावसाळ्यात शरयूने रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घातली होती. “पेटीवर लाव म्हणून गेल्तात ना, मी लावली. नुसती खरखर! केवढी धूळ बसली होती.” धुतल्यावरही टाळ्या जाईनात तेव्हा ती म्हणाली, “न्हाई निघत. पक्का डाग आहे.”

या तिसऱ्या रेकॉर्डीत, दुसऱ्या बाजूला, ड्रमवाला एकटाच वाजवतो. बाकीचे तिघे थांबलेले. मग सगळे पुन्हा एकत्र येतात, आणि ते येतात न येतात तोच लोकांतला एक माणूस हसतो. एकटा. मोठ्याने. त्यामागून सगळं हॉटेल उसळतं. त्या हसण्यापाशी भुजंगच्या अंगावर दर वेळी काटा येई. का, ते त्याला माहीत नव्हतं, आणि रात्रंदिवस टोचणारी शंका हीच की काटा खरा की आपणच आपल्याला चोळून आणलेला? रामकिसनच्या मानेसारखा? साऱ्या जालन्यात हे आपल्यालाच कळतं, या ऐटीचा तो काटा नसेल कशावरून? जगात एकच माणूस हे सांगू शकत होता, आणि त्याचा एक कान गेला होता.

“लाव बरं काय लावतोस ते,” मामा दारात उभे होते. “गाडीला येळ हाय ना?”

“हाय मामा. इथं बसा, उजव्या अंगानं.”

मामा बसले. रेकॉर्डीच्या कव्हरावरचं, माणसाहून उंच तंतुवाद्याचं चित्र त्यांनी हात लांब धरून पाहिलं. “ही सारंगी म्हणावी का तुळई?”

“बोटांनी वाजवतात ती, उभ्यानं.”

“बसायला जागा देत नसतील,” मामा म्हणाले, आणि तळहात सरळ स्पीकरच्या लाकडी पेटीवर टेकवला. पखवाजावर ठेवावा तसा.

सुई खाली गेली. भुजंग सवयीने मामांच्या तोंडाकडे पाहू लागला — आणि तिथे काहीच नव्हतं. मान नाही, भुवई नाही, वाहवा नाही. फक्त अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता, चार-चार, चार-चार. शरयू चहा घेऊन आली आणि ते तोंड पाहून कप न वाजवता ठेवून गेली. ड्रमवाला एकटा पडला. अंगठा चालतच होता. मग सगळे आले, तो माणूस हसला, हॉटेल उसळलं — आणि अंगठा थांबला.

“चुकला की रे!”

“कोण?”

“ढोलवाला. एक मात्रा खाल्ली त्यानं. घाईत आल्ता.” मामांचे डोळे चमकत होते. “पण त्या तुळईवाल्यानं बघ काय केलं! आडला न्हाई, रागावला न्हाई, बराबर पाय मागं घेतला आन् त्याला वाट दिली. जसं काही हेच ठरलं व्हतं. लई मोठा माणूस! आन् त्यो हसला ना, त्याला कळलं. त्या गर्दीत त्याला एकट्याला कळलं. बाकीचे नुसते त्याच्या मागं वरडले.”

भुजंग पुढे सरकला. “मामा, मी... ही जागा मला पहिल्यापासून आवडती. दोन वर्षं झाली. सगळ्यात जास्त हीच.”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. “तुला कळली व्हती चूक?”

“न्हाई.”

“लाव पुन्हा. मोज.”

त्याने लावली. मोजली. एक दोन तीन चार — त्याची बोटं पुरी भरली, चौथं पेर जागच्या जागी आलं, आणि हसू ऐकू आलं. काहीही खाल्लेलं नव्हतं. पुन्हा लावली. पुन्हा चारच.

“सापडली?”

हो म्हणता आलं असतं. पण पोकळ ‘हो’ कसा वाजतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? “न्हाई मामा.”

“मंग काटा कशानं आला?”

काटा आल्याचं त्याने सांगितलं नव्हतं. त्याने खाली पाहिलं. अर्ध्या बाहीखाली हाताची लव अजून उभीच होती, आणि मामा तिच्याकडे पाहत होते — कोडं पडल्यासारखे. त्यांच्या चेहऱ्यावर कोडं त्याने कधी पाहिलं नव्हतं. कानात आहे म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहा निवत होता.

“एकडाव लाव,” शेवटी मामा हळूच म्हणाले, “मला ऐकून घेऊ दे,” आणि पेटीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले.

या खेपेला भुजंगने मोजलं नाही. मामांच्या तोंडाकडेही पाहिलं नाही. एकवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्याने कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. पेले किणकिणले. कोणी खोकलं. तो चुकणारा गडी आपल्या आनंदात धावत सुटला होता आणि पुढे त्याची वाट पाहत ती उभी, थोर, समजूतदार तुळई... कुठे तरी एक मात्रा पडली असणार, पडू दे, आपल्याला ती कधी सापडायची नाही, नाहीच सापडायची — हे किती हलकं होतं! आणि मग ते हसू खोलीत फुटलं; पण आधी तो हॉटेलातला माणूस हसला की आपण, हे भुजंगला सांगता आलं नसतं.