शेवटचा पट्टा

यंदा ज्येष्ठात माझ्या बायकोचा आवाज गवत कापायच्या मशीनमध्ये गेला. मंदा हिरवळीच्या कडेला उभी राहून मला काहीतरी सांगत होती. मी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं आणि तिचं उरलेलं वाक्य मशीनमधून आलं, "आणि येताना कोथिंबीर आणा." तिने तोंड मिटलं. मी मशीन थांबवलं. मग आम्ही दोघंही मशीनकडे बघत उभे राहिलो, कारण तिला बोलायचं तर पुन्हा दोरी ओढावी लागणार होती.

त्या दिवसापासून मशीन तीच ढकलते. नुसतं इंजिन चालू ठेवून भागत नाही, पात्याखाली गवत लागतं. कापलेल्या जागेवर मशीन साधी फटफट करतं, त्यात अर्थ नसतो. कुंपणापासून भिंतीपर्यंत एक पट्टा कापला की एक वाक्य होतं, सावकाश चाललं तर जरा लांबलचक. लिहून सांगायचाही प्रयत्न तिने करून पाहिला, पण कागदावर अक्षरांऐवजी गवताची पाती उमटत. आणि मानेने सांगण्यासारखं जे काही होतं ते आमच्यात केव्हाच सांगून संपलं होतं.

पाचगणीला येऊन राहायचं मी ठरवलं होतं. निवृत्त झालो, सांगलीचं घर विकलं आणि हिरवळीसकट हा छोटा बंगला घेतला. मंदाची बहीण, तिची भिशी, तिची भाजीवाली, सगळं सांगलीत. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुम्हाला बरं वाटत असेल तर चला." त्यातला 'तर' माझ्या डोक्यात रुतून बसला आहे. तिला विचारायचं मनात होतं, पण हिरवळ भरपूर होती आणि मला वाटलं घाई काय आहे.

आषाढ-श्रावणात गवत रात्रीतून उभं राहायचं आणि मंदा पोटभर बोलायची. गॅस सिलिंडर, उशांचे अभ्रे, गिझरमधून ठिबकणारं पाणी. सांगलीहून बहिणीचा फोन आला की मी तो सायलेन्सरपाशी धरायचो. बहीण म्हणायची, "मंदा, तुमच्याकडे वारं फार आहे का गं?" एकदा शेजारच्या पार्टे यांना शिडी मी दिली की तिने, यावरून आमचं जुंपलं. ती कापत जाई, मी मागून उत्तरं देत जाई, आणि मागचं अख्खं अंगण त्या शिडीत गेलं. आता आठवलं की जीव हळहळतो. इतकं कोवळं, दाट गवत, आणि आम्ही ते शिडीवर घालवलं.

दिवाळीनंतर गवत वाढायचं थांबलं. थंडी पडली की आमच्या आवाराच्या भिंती आवळतात. रोज सकाळी थोड्या आत आलेल्या असतात. आधी कपडे वाळत घालायची तार सैल पडली, मग एके दिवशी माझा लेंगा जमिनीला टेकलेला दिसला. मी तार सोडून आखूड बांधली. दोनच दिवसांत पुन्हा बांधली. हिरवळ कडेने पिवळी होत आत सरकत होती आणि आम्ही जपून बोलायला लागलो. वीतभर गवतात 'चहा', हातभर गवतात 'औषध घेतलंत का'. मी घेतलेलं नसे, तरी तिचं गवत वाचावं म्हणून विचारायच्या आधीच हो म्हणायचो.

पार्टे एका सकाळी त्यांच्या बाजूने भिंतीवर हात ठेवून उभे होते. भिंत इतकी जवळ आली होती की त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

"वहिनींचा आवाज घोगरा येतोय."

"एअर फिल्टर भरलाय," मी म्हणालो.

"फिल्टर न्हवं. पेट्रोल शिळं झालंय. मशीन ठिवून द्या आता. आत पेट्रोल राह्यलं तर डिंक हुतो बघा त्याचा. मग पुढच्या पावसाळ्यात कितीबी दोरी वढा, वहिनी काय बोलायच्या न्हाईत."

"आणि ठेवून दिलं तर?"

"ठिवल्यावर तर न्हाईच बोलणार." त्यांनी भिंतीवरचा हात काढला, कारण भिंत सरकत होती. "पण डिंक तरी हुणार न्हाई."

पुढच्या ज्येष्ठात मशीनमधून तिचाच आवाज येईल की दुसऱ्या कुणाचा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी मंदाला सांगितलं. तिने मान हलवली आणि आतून जुनं वर्तमानपत्र आणि खुरपं आणून दिलं.

मशीन कुशीवर निजवलं आणि पात्याभोवतीचं चिकटलेलं गवत खरवडायला लागलो. त्याचे पोपडे निघाले, थरावर थर. वरच्या थरात 'चहा' होता, त्याखाली 'औषध', मग 'अभ्रे', मग ओलसर, हिरवट असा 'शिडी'चा जाड थर. मी एकेक पोपडा उजेडाकडे धरून पाहिला. कुठेतरी ठेवण्यासारखं एखादं वाक्य निघेल, निदान माझं नाव, असं वाटत होतं. निघालं नाही. मंदाने ते सगळं घमेल्यात भरलं आणि खताच्या खड्ड्यात टाकलं. मला फार वाईट वाटलं, तिला वाटलं की नाही ते कळलं नाही.

जुनं तेल काढलं, नवं घातलं. टाकीतलं पेट्रोल नळीने ओढून कॅनमध्ये घेतलं. पण कार्बोरेटरमधलं थोडं आत राहतंच. ते काढायला एकच उपाय असतो, इंजिन चालवायचं आणि ते आपणहून थांबेपर्यंत चालू द्यायचं. थांबलं की लगेच स्पार्क प्लग काढायचा, भोकातून चमचाभर तेल सोडायचं, दोरी हलकेच ओढून ते आत फिरवायचं, म्हणजे गंज धरत नाही. मी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि तेल भरून हातात धरला.

गवताचा एकच पट्टा उरला होता. मोरीचं पाणी तिकडे जातं म्हणून तो हिरवा राहिला होता. मंदा मशीन घेऊन त्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिच्याकडे सांगण्यासारखं काय काय साठलं असेल, आणि हा पट्टा तिचा होता. तरी मी विचारलं.

"मंदा, इथे आल्याचा तुला पश्चात्ताप होतो का?"

ती जराशी थांबली. भाजी घ्यावी की घेऊ नये असा विचार करताना थांबते, तशी. मग तिने स्वतःच दोरी ओढली आणि चालायला लागली.

"इथे आल्याचा," मशीन म्हणालं. आवाज घोगरा नव्हता. थेट तिचा होता, सांगलीतल्या जिन्यावरून हाक मारायची तो. "इथे आल्याचा मला पश्चात्ताप," मशीन म्हणालं, आणि पट्टा संपत आला, आणि इंजिन अडखळलं.

आता फक्त क्रियापद राहिलं होतं. आपल्या भाषेत ते शेवटी येतं, त्याला इलाज नाही. समोर भिंत हाताच्या अंतरावर होती. पेट्रोल थेंबभर असेल नसेल. इंजिनाने एक आचका दिला, मग दुसरा.

आमच्या घराण्यात चालत्या वस्तूला बंद कर म्हणत नाहीत. दुकान वाढवतात, काकण फुटलं तर ते वाढवलं म्हणतात, तसं यंत्रही वाढवायचं असतं. वडिलांचा विहिरीवर पंप होता. तो आचके द्यायला लागला की ते जवळ जाऊन हळूच म्हणायचे, वाढव. म्हणजे बिचारं सुखाने थांबतं. बंद म्हटलं की कायमचं बंद पडतं, असा आमचा समज. हा शब्द माझ्या जिभेवर इतका बसलेला आहे की तो मी म्हणालो हे म्हणून झाल्यावरच मला कळलं.

"वाढव, मंदा."

पट्टा वाढला.

भिंत तिच्या पुढ्यातून मागे सरकली आणि मधल्या जागेत गवत उगवलं, दाट, श्रावणातल्यासारखं. इंजिनाने श्वास घेतला आणि मंदा पुढे चालू लागली. वाक्यही वाढलं. "पश्चात्ताप, म्हणजे गाद्यांना बुरशी आली तेव्हा," मशीन म्हणालं, "ताईचा फोन महिनाभर आला नाही तेव्हा, तुम्ही तापात होतात आणि बाहेर धुकं होतं तेव्हा, मी अंगणात एकटीच हसले तेव्हा." भिंत आणखी मागे गेली. मंदाची पाठ लहान होत चालली. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण मशीन चालवताना मागे बघायचं नसतं. हे तिला मीच शिकवलं होतं.

"नुसतं शेवटचं सांग," मी ओरडलो. "हो की नाही, तेवढंच."

धावत तिच्यामागे गेलो असतो. पण समोरची भिंत जितकी लांब गेली, तितक्या बाजूच्या दोन्ही आत आल्या होत्या आणि आता माझ्या खांद्यांना टेकल्या होत्या. आडवं होऊन सरकावं म्हटलं तर मागून घराची भिंतही येऊन पाठीला लागली. तेव्हा मी आयुष्यात कधी न काढलेला शब्द तोंडातून काढला. "बंद कर." इंजिनाच्या आवाजात तो माझा मलाही ऐकू आला नाही.

ऊन कलायला लागलं आहे. मंदा आता मुंगीएवढी दिसते. तिच्यापुढे गवत उगवतं आहे आणि ती कापत चालली आहे. इंजिन थांबलं की लगेच प्लग काढून तेल सोडावं लागेल, म्हणून चमचा मी खाली ठेवलेला नाही. तेल काठोकाठ आहे, हात हलवून चालणार नाही. वारा या बाजूला वळला की लांबून एक 'तेव्हा' येतं, आणि थोड्या वेळाने आणखी एक.