दादाचा आळस

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खुर्च्या दोन. एकीमागे मी, दुसरीमागे माझा थोरला भाऊ. तासाला मी चार डोकी उरकतो, दादा दोन. आणि मधल्या वेळात तो भिंतीला टेकून डोळे मिटतो. दहा वर्षं हेच चाललं होतं. "जहागीरदार, उठा, गिऱ्हाईक आलंय," असं मी सगळ्यांदेखत ओरडायचो. लोक हसायचे, दादाही हसायचा आणि कात्री उचलायचा. याच्या हाडात आळस मुरलाय, असं माझं पक्कं मत होतं.

मग एका दुपारी समोरच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर दुकानात आल्या.

"पंधरा दिवस टेबल मांडून बसलेय," त्या म्हणाल्या. "चौघं आले. त्यातल्या दोघांना शेजारच्या बँकेचा पत्ता हवा होता."

"त्याला मी काय करू?"

"हिपॅटायटिस सी. रक्तातून पसरतो, यकृतात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं काही कळूच देत नाही. ज्याला काही होत नाही, तो तपासायला कशाला येईल? तुमच्याकडे मात्र अख्खी गल्ली येते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही बाई माझ्या वस्तऱ्यावर संशय घेतेय, असं मला वाटलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं लावतो मी, हवं तर डबा बघा, असं बरंच काही मी बडबडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? पातं नवीन असतं, म्हणूनच इथे आले. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, माझ्या टेबलावर नाही." आयुष्यभर लोकांची दाढी करतोय, पण त्या दिवशी सिस्टरनी माझी बिनपाण्याने केली.

त्यांचं टेबल आमच्या दुकानाच्या कोपऱ्यात मांडलं. पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. दाढी झाली की प्रत्येकाला कुठेतरी तातडीने जायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर बसले होते. त्यांचा एक गाल झाला, मी वस्तरा खाली ठेवला आणि म्हणालो, "मास्तर, सिस्टरना एक बोट देता का? निकालाला वीस मिनिटं लागतात, तोवर दुसरा गाल बघू." गळ्यात कापड, गालावर फेस, माणूस जाणार कुठे?

"जबरदस्ती नको हं," सिस्टर म्हणाल्या.

"विचारतोय की. नाही म्हणाले तरी दुसरा गाल करणारच. फक्त सावकाश."

चार दिवसांत साठ जणांची तपासणी झाली. बाकावर अर्ध्या दाढीची माणसं ओळीने बसायची आणि एकमेकांकडे बघून हसायची. निकाल मात्र सिस्टर मागच्या खोलीत एकेकट्याला सांगायच्या. गल्लीतली प्रत्येक खबर मला आधी लागते, पण तिथे मलाही प्रवेश नव्हता. माझी स्वतःची तपासणी झाली तेव्हा सुई बघूनच मला घेरी आली, ते जाऊ द्या. निकाल चांगला आला.

राहिला एकटा दादा. "उद्या करू," तो रोज म्हणायचा. पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. "अरे, बोट पुढे करायचाही आळस?" मी भर दुकानात म्हणालो. या वेळी दादा हसला नाही.

दुपारी जेवणासाठी शटर अर्धं ओढलं तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "गच्चीवरून पडलो होतो, आठवतं? तू शाळेत होतास. तेव्हा मला चार बाटल्या रक्त चढवलं होतं. माझ्यात तो रोग निघाला तर? न्हाव्यालाच रोग आहे म्हटल्यावर या दुकानात पाऊल कोण ठेवेल? तुझी दोन पोरं आहेत रे."

मी ज्याला ऐदी म्हणत होतो, तो माझ्या पोरांची काळजी करत बसला होता.

"दुकान गेलं खड्ड्यात," मी म्हणालो. "बोट पुढे कर."

तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणजे विषाणू कधीतरी शिरला होता. तो अजून आहे का, हे बघायला दंडातून रक्त घेतलं. निकालाला दहा दिवस लागले आणि त्या दहा दिवसांत मी दोन गिऱ्हाइकांच्या मिशा चुकून उडवल्या. विषाणू होता.

सिस्टरनी आम्हा दोघांना नीट समजावलं. एकत्र जेवल्याने, हात लावल्याने पसरत नाही. हात कापला तर पट्टी बांधायची, वर हातमोजे घालायचे. रोज एक गोळी, बारा आठवडे. बहुतेक सगळे बरे होतात. मग त्यांनी दादाला विचारलं, "थकवा किती दिवसांपासून आहे?"

"असेल दहाएक वर्षं."

"याच्यामुळेच असू शकेल तो. इतकी वर्षं घरात कुणी विचारलं नाही, का थकता म्हणून?"

विचारायला हवं होतं ते मीच. मी विचारलं नव्हतं, नुसता ओरडलो होतो. मी तिथेच, सिस्टरसमोर, रडलो.

वहिनींची तपासणी झाली, त्या ठीक निघाल्या. रोज सकाळी गोळी गिळेपर्यंत त्या दादासमोरून हलायच्या नाहीत. आणि लपवायचं नाही, हे दादानेच ठरवलं. रविवारी दुकान भरलेलं असताना तो म्हणाला, "मला हिपॅटायटिस सी आहे. औषध चालू आहे. ज्यांना नको वाटेल त्यांनी धाकट्याच्या खुर्चीत बसा."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उठले आणि दादाच्या खुर्चीत जाऊन बसले.

"मला घाई नाही," ते म्हणाले, "आणि धाकट्याची बडबड ऐकवत नाही."

सगळे असे हसले की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत, खोटं का बोलू. पण त्या आठवड्यात इतके दिवस टाळणारे तीस जण स्वतःहून बोट पुढे करून गेले. त्यातल्या दोघांना औषध सुरू झालं. ते कोण, हे मला अजूनही ठाऊक नाही.

गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून शेवटची तपासणी झाली. सिस्टर कागद घेऊन स्वतः दुकानात आल्या. विषाणू नाही. मी दादाला मिठी मारली, त्याच्या हातातल्या कंगव्यासकट.

"दादा, दहा वर्षं तुला आळशी म्हणालो. चुकलं माझं."

त्याने कंगवा खिशात खोचला. मग म्हणाला, "उद्या रविवार ना? मी येत नाही."

"का? बरं वाटत नाहीये का?"

"मस्त वाटतंय. पण दहा वर्षं मी नुसता थकलो रे. आळस असा कधी केलाच नाही. उद्या एकदा करून बघतो."

रविवारी दोन्ही खुर्च्या मी एकट्याने सांभाळल्या. पाय भरून आले. अकरा वाजता वहिनींचा फोन आला, "अजून लोळतायत हो. उठवू का?"

"हात लावाल तर याद राखा," मी म्हणालो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फेस लावायला घेतला.