एन. एफ. एस.

इंटरव्ह्यूच्या खोलीबाहेर बाकावर मी एकटीच होते. दुसरा उमेदवार आलाच नव्हता. जागा एक, कायमची, राखीव. विषय संगणकीय जीवशास्त्र. तोच विषय मी याच कॉलेजात तासाच्या बोलीवर शिकवत होते.  सकाळी निघताना माझ्या लेकीचं, पिंकीचं अंग तापलेलं होतं. ही जागा गेली तर नोकरीसाठी हैदराबाद नाहीतर बंगलोर. माझा नवरा राकेश तर इथल्या उरला भागातल्या मिलमधून हलणार नाही. म्हणजे मी तिकडे आणि पोर इकडे.

आत गेले. जीवशास्त्राचे तज्ज्ञ म्हणाले, "लॅब में अपने हाथ से क्या किया?"

"सर, सिकलसेलच्या मुलांच्या रक्ताचे नमुने हॉस्पिटल देतं. त्यातल्या जनुकांवरून कोणत्या मुलाला पुढे जास्त त्रास होईल, ते मी शोधते."

"कंप्यूटर पर."

"हो."

"फिर तो आप कंप्यूटरवाली हुईं." त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शेजारी बसलेले कॉम्प्युटरचे तज्ज्ञ. त्यांनी विचारलं, नवा अल्गोरिदम कोणता बनवला?

"नवा नाही, सर. परदेशी डेटावर शिकलेलं मॉडेल आपल्या मुलांवर चुकतं. ते इथल्यासाठी दुरुस्त केलं."

"मतलब बायोलॉजी ही है."

दोघं एकमेकांकडे पाहून हसले. अध्यक्षबाई माझ्या अर्जावरचा जातीचा रकाना बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छोटी बच्ची है? सँभाल लोगी?" आमचे विभागप्रमुख अच्युत सर टोकाला बसले होते. त्यांच्या विभागाचा अभ्यासक्रम मीच लिहून दिला होता. ते चहाच्या कपात बघत राहिले.

निकाल वेबसाइटवर लागला तेव्हा मी पिंकीला औषध पाजत होते. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रेल्वेतल्या नोकरीच्या सवयीनं चष्मा लावून मोबाइलवर एकेक ओळ वाचली.

"यामिनी, तुझं नाव नाही दिसून राहिलं. कोणी एन. एफ. एस. म्हणून हाय, त्याचं झालं."

"मद्रासी असन," सासूबाई म्हणाल्या. "त्यायचे असेच नावं राहते. आधी अक्षरं, मंग माणूस."

"पन आपल्या राखीव जागेवर... म्हणजे आपल्यातलाच असन कोणी." बाबांनी चष्मा काढला. "जाऊ दे बेटा. कोणाच्या तरी पोराचं भलं झालं."

मी चमचा खाली ठेवला. "बाबा, ते नाव नाही. नॉट फाउंड सुटेबल. योग्य कोणी सापडलं नाही, असं."

"पन तू तर एकटीच होती."

"हो."

"मंग?"

 राकेश शिफ्टला निघायला बूट घालत होता. "मंग क्या, बाबा? कुर्सी खाली रखेंगे, पर इसको नहीं बिठाएँगे."

सासूबाई पिंकीच्या कपाळावरची ओली पट्टी उगाचच पुन्हा पुन्हा बदलत राहिल्या.

तेवढ्यात अच्युत सरांचा फोन आला.

"यामिनी मॅडम, मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्यासाठी बोललो होतो." माझ्यासमोर तरी ते एक अक्षर बोलले नव्हते. "बरं, सोमवारपासून एम.एस्सी.चे तास घ्याल ना? तोच पेपर, पहिल्यासारखा तासावर. तुमच्याशिवाय कोणी शिकवूच शकत नाही हो."

"सर, हे लिहून द्याल?"

"क्या?"

"की माझ्याशिवाय कोणी शिकवू शकत नाही."

 ते हसले. "मॅडम, आप भी ना."

पिंकी माझ्या मांडीवर चढून बसली होती. तिचा श्वास गरम लागत होता. बाबा मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ पुन्हा वाचत होते. खाली अजून काही लिहिलंय का, ते बोटानं सरकवून बघत होते.

"सोमवारी किती वाजता, सर?" मी विचारलं.