चंद्रभानजींच्या गोदामातली धामण

अमेरिकेत लढाई जुंपली आणि अकोल्याच्या चंद्रभानजींचं पोट सुटलं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. तीन वर्षांपूर्वी हा माणूस दुसऱ्याच्या गाड्या हाकत होता. आता त्याला मोठेपण हवं होतं, आणि मोठेपणाला धर्म लागतो. कोणता, हे ठरेना, म्हणून त्याने दोन्ही पाळले. कापूस खरेदीच्या साहेबांच्या ओळखीचा एक पाद्री दर रविवारी फराळाला येई. अमरावतीहून छकड्यातून आणलेले योगीराज तर ओसरीवरच मुक्काम ठोकून बसले होते. बारा वर्षं गुहेत हवेवर राहिलो म्हणत. इथली हवा मात्र त्यांना पुरत नसे.

माणिकबाई गोदामात चरकीवर कापसातली सरकी काढायची. एकटी विधवा बाई, चार एकर रान. चांगली बोंडं वेगळी वेचून त्यांची सरकी तिने पेरणीसाठी राखली होती आणि मालकाला विचारून कणगीत भरून गोदामाच्या कोपऱ्यात ठेवली होती. तिच्या घरी उंदीर फार. गोदामात धामण होती, म्हणून तिथे उंदीर नव्हते. एवढं साधं गणित होतं, पण ते समजायला दोन ज्ञानी कमी पडले.

माघातल्या एका रविवारी धामण गोदामाच्या दारातल्या गाठोड्यांवर ऊन खात पसरली आणि पाद्रीच्या नजरेस पडली.

"हाच तो सैतान," पाद्री पुस्तकी मराठीत म्हणाला. "यानेच पहिल्या स्त्रीस फशी पाडिले. याचे मस्तक ठेचिले पाहिजे."

योगीराज हसले. "अज्ञान. ही कुंडलिनी. साडेतीन वेटोळी घालून मूलाधारात निजलेली शक्ती. चंद्रभानजी, तुमच्या पुण्याईने जागी झाली."

वेटोळं एकही नव्हतं. धामण सरळ लांब पडली होती.

"मालक, धामण हाय ते," माणिकबाई चरकी थांबवून म्हणाली. "कोनाले काही करत नाही. मारू नोका, माह्या सरकीले तिचाच पहारा हाय." मग पाद्रीकडे वळली. "बाजारात तुमीच सांगत होते, रानात पितळेचा साप खांबावर टांगला अन् त्याच्याकडं पाहून लोक बरे झाले. मंग साप वाईट कसा?"

पाद्री लाल झाला. तो साप निराळा, म्हणाला.

चंद्रभानजी पेचात पडले. एकीकडे साहेब रुसणार, दुसरीकडे मोक्ष. पण ज्या अकलेने ते गाडीत खाली ओला आणि वर कोरडा कापूस भरत, तीच कामाला आली. साप मारला गेला तर त्याच्या तोंडात तांब्याचा पैसा ठेवून चंदनाने जाळायची आपल्याकडे रीत आहेच. पाद्रीसाठी मस्तक ठेचायचं, योगीराजांसाठी दहन करायचं.

दोघेही राजी झाले. काठी डोक्यावर बसली तेव्हा योगीराज डोळे मिटून म्हणाले, "शक्ती ब्रह्मरंध्र फोडून गेली."

मग त्यांनी जागा सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आत कुणी पाऊल टाकायचं नाही, गोदामाला कुलूप. मालकाची गाठोडी आणि सरकीची पोती मात्र घाईने बाहेर निघाली. माणिकबाईच्या कणगीची पाळी येईतो कुलपाचा मुहूर्त येऊन ठेपला. ती पाया पडली, रडली. कुलूप लागलंच.

आखाजीला दार उघडलं. कणगीत फोलं आणि लेंड्या उरल्या होत्या. माणिकबाई पदरात फोलं घेऊन ओसरीवर आली. दोन्ही ज्ञानी जेवून टेकले होते.

"बी मेल्यावाचून पीक येत नाही, असे आमच्या शास्त्रात आहे," पाद्री कळवळून म्हणाला.

"आणि भाजलेलं बी पुन्हा उगवत नाही, तीच मुक्ती," योगीराजांनी पुस्ती जोडली. दोघांचं पहिल्यांदाच पटलं होतं.

माणिकबाईने पदर त्यांच्या पुढ्यात झटकला. "मेलं नाही, भाजलंबी नाही. हे उंदरानं खाल्लं. याचं काय लिवलं हाय तुमच्या पोथीत?"

दोघे चंद्रभानजींकडे पाहू लागले.

"माह्यापाशी विकाले सरकी नाही, बाई. पेरापुरती हाय," चंद्रभानजी सुपारी कातरत म्हणाले. "तुहं रान पडीत काहून ठेवतं? मी मक्त्यानं घेतो. निंदाले तुलेच बलावीन."

त्या पावसाळ्यात माणिकबाईने स्वतःच्या चार एकरांत रोजाने निंदण केलं.