भोगावतीतली पंचवीस मिनिटं

मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर चार ठिगळं आहेत, आणि त्यातल्या चौथ्या ठिगळाची गोष्ट सांगताना मला आजही धाप लागते. ट्यूबला कसली आलीय धाप, असं म्हणून हसू नका. आधी ऐका.

मी जन्मले कारखान्यात. काळीभोर, गुळगुळीत, अंगाला पांढरी पावडर लावलेली अशी मी भोगावतीकाठच्या एका गावात आले आणि आल्या आल्या टायरच्या पोटात गेले. सात वर्षं उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा भार सोसला, पण एक शेत डोळ्यांनी पाहिलं नाही. दसऱ्याला लोक ट्रॅक्टरला हार घालत, टायरला कुंकू लावत. आत कोणी आहे याची आठवण त्यांना फक्त पंक्चर झाल्यावर यायची. तिसऱ्या पंक्चरनंतर पंक्चरवाल्या दुकानदारानं मला कोपऱ्यात भिरकावलं. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला उचललं कृष्णातकाकांनी. चार म्हशी, थोडा ऊस आणि मोठा आवाज, एवढा त्यांचा संसार. तरुणपणी दोन वर्षं कोल्हापुरात तालमीत राहून त्यांनी कुस्ती केलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, दूध. गावातल्या पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचा त्यांना नाद होता. त्यासाठी त्यांनी मला घरी आणलं आणि मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं. अकरा पोरं माझ्या आधारानं पोहायला शिकली. सगळ्यात धाकटी काकांची पुतणी प्रियदर्शनी, म्हणजे घरातली पियू. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आठव्या दिवशी काकांनी तिला न सांगता मला हळूच तिच्या काखेतून काढून घेतलं आणि ती तशीच पोहत राहिली. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. पुढची तेरा वर्षं मी गोठ्यातल्या खुंटीवर काढली.

एवढ्या काळात पियू एकोणीस वर्षांची झाली. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, आणि मध्ये श्वास घ्यायलासुद्धा थांबायचं नाही, अशा ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीचं तिला वेड लागलं. राज्याच्या स्पर्धेत ती तिसरी आली, तशी पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्रानं तिला राहण्यासकट जागा देऊ केली. रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं की जागा दुसऱ्या मुलीला. घरात वादाला तोंड फुटलं, आणि वाद गोठ्यासमोरच्या अंगणात होत असल्यामुळे माझ्या कानांतून एकही शब्द सुटला नाही.

काका म्हणाले, "पुण्याला कशाला मरायला? सगळी दुनिया तयार हुयाला कोल्हापुरात येतीया, आन् आमची पोरगी उलटी जायाची व्हय? चढाला पन्हाळा हाय, सायकल सरळ पळवायला कागलचा हायवे हाय, पळायला रंकाळा हाय. नदी तर दारात हाय की!"

पियूचे वडील विश्वजित शाळेत शिक्षक. ते केंद्राचं पत्र हातात धरून शांतपणे म्हणाले, "नदी दारात हाय, ते पावसाळ्यात घरातबी येती. चार महिने पोहणार कुठं? आन् शिकवणार कोण? मोबाईल?"

"म्या शिकिवलं न्हवं तिला?"

"विहिरीत शिकिवलंस, कृष्णात. हे येगळं हाय."

काकांच्या वर्मी घाव बसला. त्यांनी तिथल्या तिथं पैज मांडली. बंधाऱ्यापासून वर जॅकवेलपर्यंत, म्हणजे शेतीला पाणी उपसतात त्या विहिरीपर्यंत, आणि परत. दीड किलोमीटर. पियूनं ते पंचवीस मिनिटांत मारलं तर ती इथंच राहणार, नाही जमलं तर पुण्याला. विश्वजित हो म्हणाले. पियू दोघांच्या मध्ये उभी होती. मित्रांनो, तुला काय वाटतं, असं तिला दोघांपैकी कोणीही विचारलं नाही.

खरं सांगू? मलाही विचारावंसं वाटलं नाही. ती राहावी एवढंच मला वाटत होतं.

पैजेआधी पियूच्या आईनं अट घातली. काठावरून कुणीतरी ट्यूब आणि दोर घेऊन तिच्याबरोबर चालायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी काकांनी मला खुंटीवरून काढलं, जळमटं झटकली, पंपानं हवा भरली. तेरा वर्षांत माझं जुनं ठिगळ सुटायला आलं होतं. रात्रभर हवा हळूहळू निघत राहिली. रविवारी सकाळी मी निम्मी मऊ झाले होते. कोणी अंगठ्यानं दाबून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण काका धार काढण्यात गुंतले होते.

म्हशीचं ताजं, कोमट, फेसाळ दूध त्यांनी मोठ्या पेल्यात ओतलं आणि पियूसमोर धरलं. "घे. पैलवान काय उगंच हुत्यात?"

पियूनं पेल्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ते घड्याळ लावत होते. तिनं सकाळी एक केळं खाल्लं होतं, आणि पाण्यात उतरण्याआधी त्यापेक्षा जास्त काही खायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे ओठ हलले. पण काकांचा चेहरा इतका आनंदानं फुलला होता की तिनं पेला तोंडाला लावून रिकामा केला. काकांनी लगेच दुसरा भरला. तोही तिनं प्यायला.

बरोबर सात वाजता ती बंधाऱ्यावरून पाण्यात उतरली. पौषाचं पाणी, वर धुकं. विश्वजित घड्याळ घेऊन बंधाऱ्यावर थांबले. काका मला खांद्यात अडकवून, दोराचं वेटोळं हातात घेऊन काठाकाठानं पळू लागले. उसाची पाती मला ओरबाडत होती. पियू सपासप हात मारत होती. जॅकवेलला हात लावून ती वळली तेव्हा काकांनी मोबाईल पाहिला आणि ओरडले, "पावणेबारा मिनिटं! आपलंच हाय, पियू!"

सतराव्या मिनिटाला तिचा एक हात पाण्यावर नीट आलाच नाही. मग ती थांबली. मान वर काढली आणि तिला उलटी झाली. पांढरं दूध पाण्यावर पसरलेलं मला दिसलं. काकांनाही दिसलं असणार, पण माणसाला जे बघायचं नसतं ते तो बघत नाही. ते ओरडत राहिले, "थांबू नगंस! मार हात! मार!"

तिनं मारले. चार हात, पाच हात. मग पोटात कळ आली असावी, कारण ती दुमडली आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं.

काकांचा आवाज एकदम बंद झाला. त्यांनी मला फेकलं. दोर पुरला नाही. मी तिच्यापासून दहा हातांवर पडले आणि पडता पडता माझ्या ठिगळाचा कोपरा उचकटला. बुडबुडे निघायला लागले. पियूचं डोकं वर आलं, पुन्हा गेलं. मित्रांनो, चाकात असताना मी टनाटनांनी भार सोसला, पण त्या दहा हातांइतकं जड मला काहीच वाटलं नाही.

काका कपड्यांसकट पाण्यात पडले. एका हातानं मला ढकलत ते तिच्यापर्यंत आले, तिचे हात माझ्यावर टाकले. मी अर्धी रिकामी. दोघांच्या वजनानं मधोमध वाकले. नाका-तोंडात पाणी जात असताना काका मला खालून उचलून धरत होते, आणि मी तिला. कोण कुणाच्या आधारानं तरंगत होतं कुणास ठाऊक! काठाच्या मुळीला काकांचा हात लागला, तेव्हा माझ्या अंगात नाव घेण्यासारखी हवा उरली नव्हती.

विश्वजित धावत आले. त्यांच्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं. ते त्यांनी चिखलात टाकलं आणि लेकीला पोटाशी धरलं. बराच वेळ ती खोकत होती. काका बाजूला मान खाली घालून बसले होते.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "हरलो म्या. जा बाई पुण्याला."

"हरलो म्हणून न्हाय जाणार मी," पियू म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "काका, दूध नको हुतं मला. पहिल्याच पेल्याला कळत हुतं."

"आगं मग बोलायचं न्हाईस व्हय?"

"तुमास्नी न्हाय म्हणाय येत न्हाय मला. कधीच आलं न्हाय." ती रडायला लागली. "नदी चांगली हाय. पन्हाळ्याचा चढ तर लई चांगला हाय. पण जिथं मला नको म्हणाय येतंय, तिथं ऱ्हायला पायजे मी. म्हणून जातो. पप्पा, तुम्ही म्हणताय म्हणूनबी न्हाय. माझं मी जातो."

थोड्या वेळानं काकांनी मला जवळ ओढलं. अंगठ्यानं दाबलं. अंगठा आरपार टेकला. "हवाबी बघिटली न्हाई म्या," ते पुटपुटले, आणि तो आडदांड पैलवान गडी ओंजळीत तोंड लपवून रडला.

त्या दिवशी दुपारी पियूनं पुण्याला स्वतः फोन केला. आठवड्यानं गेली. जाताना काकांनी तुपाचा डबा पुढे केला, मग तसाच हातात धरून विचारलं, "नेतीस का? नगं आसलं तर नगं म्हण." ती हसली आणि म्हणाली, "अर्धा द्या."

उचकटलेल्या जुन्या ठिगळावर काकांनी दुकानातून नवं, मोठं ठिगळ नीट चिकटवून घेतलं, तेच हे चौथं. मी परत विहिरीत असते. हल्ली काका पाण्यात उतरवण्याआधी मला चारी बाजूंनी दाबतात आणि पोराला विचारतात, "भ्या वाटतंय का? खरं सांग, मी रागवत न्हाय." काही पोरं खरं सांगतात. काहींना अजून जमत नाही. आवडत्या माणसासमोर ते फार कठीण असतं, हे मी पाहिलंय.

म्हणून मित्रांनो, तुमची एखादी वस्तू बरीच वर्षं पडून असेल तर वापरण्याआधी तिला एकदा दाबून, हलवून बघा. आणि तुमच्या स्वतःच्या बाबतीत कोणी बघायची वाट पाहू नका. त्या रात्री माझी हवा जात होती आणि मला सारं कळत होतं, पण सांगायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.