ग्राफिक्स कार्डाऐवजी

मोहनाने यादीतल्या चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि यादी काउंटरवरून दुकानदाराकडे परत सरकवली.

चौथ्या ओळीत ग्राफिक्स कार्ड होतं.

हार्दिकने यादी उचलली, रेघेकडे पाहिलं आणि मग मोहनाच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलीकडे, ओवीकडे पाहिलं. गेला अर्धा तास त्याचं हेच चाललं होतं. प्रश्न मोहनाने विचारायचा आणि उत्तर ओवीला मिळायचं. बडोद्यात लहरीपुरा दरवाजापासून दोन गल्ल्या आत त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि तिथे येणाऱ्या आयांचं काम पैसे देण्यापुरतंच असतं, अशी त्याची अनुभवाने पक्की झालेली समजूत होती.

"बेन, हे काढलं तर गेमिंग पीसी राहिला कुठे?" वाडी भागातल्या मराठी गिऱ्हाइकांमुळे हार्दिकला कामापुरतं मराठी येत होतं. "मजा नही आवे."

"कार्डाच्या पैशात ते द्या," मोहना म्हणाली आणि तिने मागच्या फळीवरच्या मोठ्या खोक्याकडे बोट केलं.

खोक्यावर स्टिअरिंगचं चित्र होतं. मोटारीला असतं तेवढंच मोठं, काळंभोर, आणि त्याच्याखाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर अशी तिन्ही पेडल्स.

"आई," ओवी दबक्या आवाजात म्हणाली, "हे आपलं ठरलं नव्हतं."

"तुझं ठरलं होतं. मी फक्त यादी करू दिली."

साठ हजार रुपये मोहनाचे होते. बारा बायकांची भिशी, दर महिन्याला पाच हजार, आणि हे पाच हजार ती साड्यांना फॉल-पिको करून स्वतः मिळवायची. या भिशीत एक रीत होती. जिचा नंबर लागेल तिने त्या पैशांची वस्तू घ्यायची, पुढच्या बैठकीत ती सगळ्यांना दाखवायची आणि वर सेव-उसळ खायला घालायची. आतापर्यंत कानातली दाखवून झाली होती, मुलाची क्लासची पावती दाखवून झाली होती. एकीने तर सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला होता आणि सगळ्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरून मनापासून पाहिला होता. स्वतःला खेळायला म्हणून अजून कोणी काही घेतलं नव्हतं. एक्स-रेचं कौतुक करणाऱ्या बायका स्टिअरिंगला नाकं मुरडणार हे मोहनाला ठाऊक होतं. मुरडू देत, असं तिने ठरवून टाकलं होतं.

मोहना ट्रक चालवायची. ओवीच्या जुन्या लॅपटॉपवर, दुपारी दोन ते चार, घरात कोणी नसताना. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने हे कोणाला सांगायचं असतं? ती मालाची ऑर्डर घ्यायची, ट्रेलर जोडायची आणि पाचशे-सहाशे किलोमीटर निघायची. पोलंडमधले रस्ते तिला आता सयाजीबागेपेक्षा जास्त पाठ झाले होते. पण लॅपटॉप म्हातारा झाला होता. वळणावर चित्र अडकायचं आणि पुन्हा हलेपर्यंत ट्रक खड्ड्यात गेलेला असायचा. शिवाय एवढा लांबलचक ट्रेलर बाणाची बटणं टकटक दाबून मागे घेणं म्हणजे सुई-दोऱ्याऐवजी हातोडीने बटण शिवण्यातला प्रकार होता.

ओवीला हे कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, आई, भिशीत चांगला कॉम्प्युटर बसतो, मी यादी करते. यादी तिने प्रेमाने केली, यात वाद नव्हता. फक्त ती करताना तिच्या डोळ्यांसमोर तिचेच गेम होते, आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये फिरणारे रंगीत दिवे होते.

"कार्ड नसेल तर माझा एकही गेम चालणार नाही," ओवी आता म्हणाली.

"माझा चालेल."

"तू दोन तास खेळणार, आई. बाकी दिवसभर तो नुसता बसून राहणार?"

"माझं शिलाई मशीनही बसूनच असतं संध्याकाळनंतर. त्यावर कोणी हक्क सांगत नाही."

हार्दिकने मध्ये घसा खाकरला. त्याला हुकमी पान सापडलं होतं. "पण बेन, एक प्रॉब्लेम छे. यादीत जो प्रोसेसर लिहिलाय ना, त्यात डिस्प्ले येतच नाही. कार्ड काढलं तर स्क्रीन काळी. काहीच दिसणार नाही."

"म्हणून दुसरी ओळही बदला," मोहना म्हणाली. तिने पर्समधून एक छोटी वही काढली. तिच्या पहिल्या पानांवर ब्लाउजची मापं होती, आणि पुढे बारीक अक्षरात कॉम्प्युटर सुरू होत होता. "ज्याच्या आतच ग्राफिक्स असतं तो प्रोसेसर द्या. रॅम सोळाची एक नको, आठ-आठच्या दोन. असा प्रोसेसर रॅममधूनच काम भागवतो, त्याला दोन बऱ्या पडतात. पॉवर सप्लाय आहे तोच राहू दे."

"तो तर मग फार मोठा झाला. स्वस्तातला टाकू ने, चालसे."

"नाही चालणार. पुढेमागे कार्ड घातलं तर तो पुरायला हवा. आणि कॅबिनेट काचेचं नको, पुढून जाळीचं द्या. बडोद्याच्या मे महिन्यात आत हवा लागते, दिवे नाही."

हार्दिकने पेन उचललं. पहिल्यांदाच तो मोहनाकडे बघत होता.

"बेन, हे बधुं तुम्ही कुठे शिकला?"

"दुपारी," मोहना म्हणाली.

हार्दिक मान खाली घालून नवी यादी करू लागला. ओवी दुकानाच्या पायरीवर गेली आणि मोहनाकडे पाठ करून तिने फोन कानाला लावला. "पप्पा, तुम्ही या ना जरा," एवढंच मोहनाला ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं.

ओवीचे वडील प्रतापसिंह कोयलीच्या रिफायनरीत सेफ्टी विभागात होते आणि आज त्यांची सुट्टी होती. वाडीतल्या घरापासून इथे यायला त्यांना फार तर पंधरा मिनिटं लागणार होती. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. धोका कुठे आहे हे सगळ्यांच्या आधी पाहायचं आणि शांतपणे दाखवून द्यायचं, याचाच त्यांना पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर ते हेच काम फुकट करायचे.

सोळा वर्षांपूर्वी मोहना मोटार शिकली होती. क्लास लावून, परीक्षा देऊन तिने लायसन्स काढलं होतं. मग नवी गाडी आली आणि ती चालवायला बसली की प्रतापसिंह शेजारी बसायचे. हळू. आरसा. ब्रेक. डावीकडून सायकल आहे. ब्रेक. अगं, ब्रेक. असं वाडीपासून सुरू व्हायचं ते गाडी बंद होईपर्यंत चालायचं. एकदा मांडवीपाशी त्यांनी लागोपाठ तीनदा ब्रेक म्हटलं आणि तिचा पाय भलतीकडेच पडला. उसाच्या रसाच्या गाड्याचं चाक वाकलं, मोटारीचा एक दिवा फुटला, कोणाला खरचटलंही नाही. रसवाल्याला भरपाई मिळाली आणि नातेवाइकांना किस्सा मिळाला. सोळा वर्षं तो दर हळदी-कुंकवाला, दर लग्नात मोहनाच्या देखत सांगितला जात होता आणि मोहना त्यावर हसत आली होती. गाडी चालवू नकोस असं प्रतापसिंह कधीच म्हणाले नाहीत. फक्त त्यानंतर दर वेळी तेच चालवायला बसले.

ते आले तेव्हा सगळी खोकी काउंटरवर मांडून झाली होती. स्टिअरिंगचं खोकं सगळ्यांत मोठं, म्हणून ते खाली जमिनीवर होतं. मोहनाने पैसे देऊन टाकले होते.

प्रतापसिंहांनी आधी खोकी पाहिली, मग यादी पाहिली, आणि मग हार्दिककडे बघून ते हसले. "तुम्हाला माहीत नसेल, आमच्या मंडळींचा मांडवीचा एक किस्सा आहे."

"किस्सा नको," मोहना म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण प्रतापसिंह थांबले. हा किस्सा सुरू होण्याआधी अडण्याची ही पहिलीच वेळ होती.

"पप्पा, तुम्हीच सांगा," ओवी म्हणाली. "वीस हजार नुसते स्टिअरिंगला. तेवढ्यात काय मस्त कार्ड येतं."

प्रतापसिंहांनी खोक्यावरचं चित्र वाकून पाहिलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ते सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. थट्टा करायच्या बेतात असलेला माणूस त्यातून निघून गेला होता.

"मोहना," ते हळूच म्हणाले, "तुला गाडीच चालवायची होती तर बोलायचंस ना. खेळण्यातली कशाला? खरी आहे की दारात. रविवारी सकाळी आजवा रोडला जाऊ. रस्ता मोकळा असतो. तू चालव. मी शेजारी बसतो."

ते मनापासून म्हणत होते. मोहनाला ते कळलं. दहा वर्षांपूर्वी हे शब्द ऐकले असते तर ती रडली असती, भिशीत जाऊन सगळ्यांना सांगून आली असती. आता तिला राग आला. किती जुना राग होता तो, आणि किती ताजा.

"तुम्ही शेजारी बसाल," ती म्हणाली, "म्हणूनच हे घेतलं."

हार्दिकने उगाच प्रोसेसरचं खोकं उचलून पुन्हा त्याच जागी ठेवलं.

"त्या दिवशी मी ब्रेकच शोधत होते, अहो. मला गाडा दिसला होता. तुमच्या आधी दिसला होता. तुम्ही तीनदा ओरडलात आणि माझे पाय कुठे आहेत हेच मी विसरले. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगत होता, मी हसत होते."

"मी काळजीपोटी म्हणायचो."

"माहीत आहे मला. या ट्रकमध्ये काळजी करायला कोणी नसतं. दीड वर्ष झालं. कितीदा आपटले, कितीदा खड्ड्यात गेले, स्वतःची स्वतः बाहेर आले. कोणी बघायला नव्हतं, म्हणून शिकले."

प्रतापसिंहांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. नेमका धोका कुठे आहे हे त्यांना आज दाखवता येत नव्हतं.

हार्दिकला अशा शांततेत दुकान चालवायची सवय नव्हती. "साहेब, टेन्शन नका घेऊ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "अजून सील तुटलं नाही. घरी विचार करा, दोन दिवसांत बदली करून देतो. स्टिअरिंग पाछुं द्या, कार्ड घेऊन जा. सील तुटलं की मग मात्र माझ्या हातात काही नाही."

"असं करू," प्रतापसिंह लगेच म्हणाले. "घरी जाऊन शांतपणे बोलू."

मोहना खाली बसली. तिने हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, उघडली आणि तिचं टोक खोक्यावरच्या चिकटपट्टीत खुपसलं. फॉल लावणाऱ्या बाईचा हात तो. पट्टी एका सरळ रेघेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत गेली.

"आई," ओवी म्हणाली. पण त्यात आता तक्रार नव्हती.

मोहनाने पिन मिटून पुन्हा बांगडीला लावली. मग तिने खोक्यातून पेडल्स बाहेर काढली. तिला वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. दुकानाच्या फरशीवर ती नीट मांडेपर्यंत ओवीने कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं, आईच्या मागे ठेवलं आणि ती पुन्हा दूर जाऊन उभी राहिली. मोहना स्टुलावर बसली. तिने चपला काढल्या, साडीचा घोळ गुडघ्यापर्यंत आवरून घेतला आणि डावा पाय क्लचवर ठेवून तो तळापर्यंत दाबला. स्प्रिंग चांगली घट्ट होती.

बाहेर गल्लीत हॉर्न वाजू लागला. प्रतापसिंहांनी घाईत गाडी आडवी लावली होती आणि मागे एक टेम्पो अडकला होता. हॉर्न थांबेना, तेव्हा टेम्पोवाला ओरडू लागला.

"मला गाडी काढावी लागेल," प्रतापसिंह म्हणाले. पण ते तिथेच उभे राहिले, तिच्या पायांकडे बघत.

"काढा," मोहना म्हणाली. "मी रिक्षाने येईन."

आणि तिने क्लच हळूहळू सोडायला सुरुवात केली.